आठ लाखांत सहा माणसांची जुनी एसयूव्ही: फॉर्च्युनर, एक्सयूव्ही५०० की हेक्सा?

तुमची गरज मला कळली ती अशी. घरात सहा माणसं, त्यात आई-वडील सत्तरीला टेकलेले आणि दोन शाळकरी मुलं. राहायला सातारा, गाव चिपळूणजवळ, म्हणजे कुंभार्ली घाट नेहमीचाच. महिन्याचं रनिंग सरासरी हजार किलोमीटर. हातात आठ लाख रुपये. तुमच्या मनात २०१२ची फॉर्च्युनर भरली आहे, वहिनींना एक्सयूव्ही५०० हवी आहे आणि मेहुणे हेक्साचा आग्रह धरून बसले आहेत.

आधी पैशांचं सांगतो, कारण त्यावरच पुढचं सगळं ठरणार आहे. तुमच्याकडे आठ लाख आहेत म्हणून आठ लाखांची गाडी बघू नका. साडेसहाची बघा. उरलेले दीड लाख पहिल्या वर्षाचे आहेत आणि ते खर्च होणारच. माणूस गाडी विकायचं मनात आणतो तेव्हापासून तिच्यावर पैसे घालणं थांबवतो. टायर गुळगुळीत झालेत, बघू. क्लच वर आलाय, बघू. सस्पेन्शनचे बुश वाजतायत, बघू. असं वर्षभराचं 'बघू' साठतं आणि गाडीबरोबर नव्या मालकाकडे येतं. त्याच्याकडून फसवणूक झाली असं नाही, सगळेच असं करतात. त्यामुळे घेतल्या घेतल्या सगळी ऑइलं, फिल्टर, कूलंट, ब्रेक पॅड, बॅटरी, कदाचित पाचही टायर, कदाचित क्लच, वर विमा आणि ट्रान्सफर, एवढं धरूनच चाला. माझ्या गॅरेजला येणारी जी कुटुंबं जुन्या मोठ्या गाडीला कंटाळून ती वर्षात विकून टाकतात, त्यातल्या बहुतेकांनी गाडी वाईट घेतलेली नसते. त्यांनी खिसा रिकामा करून गाडी घेतलेली असते. मग पहिला पन्नास हजारांचा खर्च आला की गाडी दारात उभी राहते.

याच हिशेबाने फॉर्च्युनरला माझा नकार आहे. गाडी दणकट आहे, तीन लिटरचं इंजिन नीट सांभाळलं तर लाखो किलोमीटर जातं. पण ती घेताना किंमत जुन्या गाडीची आणि सांभाळायला खर्च तीस लाखांच्या गाडीचा. तिचे टायर २६५/६५ आर१७ मापाचे, पाच घ्यायचे म्हटलं की तुमच्या राखीव पैशांतला मोठा भाग तिथेच गेला. या इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे, तो ठरलेल्या किलोमीटरला बदलावाच लागतो. चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळून इंजिन उघडावं लागतं. बदलल्याचं बिल नसेल तर बदललेला नाही असंच समजायचं. शिवाय २०१२च्या गाडीची पंधरा वर्षं २०२७ला भरतात. मग फिटनेस, पुनर्नोंदणी, पर्यावरण कर हे सगळं आलं आणि विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाईक नाक मुरडणार. यापेक्षा मोठी अडचण तिच्या मागच्या सीटची आहे. चॅसीवरची गाडी असल्यामुळे मागची जमीन उंच आणि सीट खाली, गुडघे छातीशी येतात. दोन तासांच्या घाटात तिथे मोठं माणूस बसू शकत नाही.

सीटबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण लोक इंजिन, सनरूफ, टचस्क्रीन सगळं बघतात आणि तिसऱ्या रांगेत कोणी बसूनच बघत नाही. गाडी बघायला आई-वडिलांना आणि मुलांना घेऊन जा. आईंना साडी नेसून चढू-उतरू द्या, एकदा नाही, दोन-तीनदा. गुडघे दुखणाऱ्या माणसाला गाडीची जमीन चार बोटं खाली-वर असली तरी फार फरक पडतो. मुलांना तिसऱ्या रांगेत बसवा, मधली सीट मोठ्या माणसाला बसता येईल एवढी मागे सरकवा आणि मग बघा त्यांचे पाय कुठे येतात. तिथे डोक्यामागे हेडरेस्ट आहे का, तीन ठिकाणी अडकणारा पट्टा आहे का, एसीची हवा येते का, हे हात लावून बघा.

सफारी स्टॉर्म आणि स्कॉर्पिओच्या काही व्हेरियंटमध्ये मागे समोरासमोर, आडव्या सीटा असतात. त्या गाड्या या पैशांत छान मिळतात आणि घाटात ओढतातही जोरात. पण आडव्या बसलेल्या मुलाला धडक बसली तर सांभाळणारं काही नसतं. मान आणि कंबर बाजूला फेकली जाते. ज्या घरातली मुलं रोज मागे बसणार आहेत त्यांना मी आडव्या सीटची गाडी घेऊ देत नाही, कितीही स्वस्त असली तरी. स्कॉर्पिओच घ्यायची असेल तर मागची सीट पुढे तोंड असलेलाच व्हेरियंट शोधा.

आता सामान. सगळ्या सीटा वर असताना एक्सयूव्ही५००च्या डिकीत कागदोपत्री ९३ लिटर जागा उरते, हेक्सात १२८ आणि इनोव्हा क्रिस्टात ३००. ९३ लिटर म्हणजे दोन शाळेची दप्तरं आणि एक पिशवी. तुम्ही सहाजण आहात, त्यामुळे सात आसनी गाडीत शेवटच्या रांगेतली एक बाजू पाडून सामान ठेवता येईल, हा तुमचा फायदा. गणपतीला गावी जाताना छतावर कॅरिअर लागेल हे मात्र आधीच मान्य करा. जुन्या पेठेत राहत असाल तर रुंदीही मोजा: हेक्सा आणि एक्सयूव्ही दोन्ही जवळपास एक मीटर नव्वद सेंटिमीटर, क्रिस्टा एक मीटर त्र्याऐंशी. फाटकाचं माप घेऊनच गाडी बघायला निघा.

मग घ्यायचं काय? साडेसहा लाखांच्या आसपास तुमच्यासमोर साधारण २०१६-१७च्या एक्सयूव्ही५०० आणि २०१७-१८च्या हेक्सा येतील, आणि थोड्या जुन्या इनोव्हा.

एक्सयूव्ही५०० २०११ला आली आणि २०२१ला बंद झाली. २०१५ला तिचा चेहरा बदलला, २०१८ला पुन्हा बदलला आणि ताकद १४०वरून १५५ हॉर्सपॉवरला गेली. मी २०१५च्या आधीची घेऊ नका म्हणेन; सुरुवातीच्या गाड्यांतल्या विजेच्या बारीकसारीक कटकटी पुढे बऱ्याच कमी झाल्या. मोनोकॉक बांधणी आहे, म्हणजे वेगळी चॅसी नाही, त्यामुळे चालवताना कारसारखी वाटते आणि पाठीमागच्यांना उलट्या कमी होतात. आई-वडील असलेल्या घरात ही लहान गोष्ट नाही. क्लच आणि पुढचं सस्पेन्शन नीट तपासा. स्पेअर पार्ट आणि काम करणारा मेस्त्री तालुक्याच्या गावीसुद्धा मिळतो, ही तिची मोठी जमेची बाजू.

हेक्सा जानेवारी २०१७ला आली आणि बीएस-६ हे धुराचे कडक नियम लागू झाल्यावर कंपनीने ती बनवणं थांबवलं, म्हणून बाजारात तिला वयाच्या मानाने भाव कमी मिळतो. घेणाऱ्याच्या दृष्टीने हे बरंच आहे. या तीन गाड्यांत बसायला सगळ्यात आरामशीर कोणती असं विचाराल तर मी हेक्साच सांगेन. मधल्या रांगेत कॅप्टन सीटचा सहा आसनी प्रकारही मिळतो. तुमच्या सहा माणसांना तो अगदी बरोबर बसतो, कारण मुलांना दोन सीटांच्या मधून मागे जाता येतं. एक्सई व्हेरियंट टाळा, त्याला कमी ताकदीचं इंजिन आणि पाच गिअर आहेत. एक्सएम किंवा एक्सटी बघा: ताकद १५६ पीएस, ओढ ४०० न्यूटन-मीटर, कुंभार्लीत सहा माणसं घेऊन दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये विनातक्रार चढते. एक्सटीला सहा एअरबॅग आहेत. मात्र त्या वरच्या व्हेरियंटला १९ इंची चाकं येतात आणि त्या मापाचे टायर महाग. १६ इंची चाकांची एक्सएम दिसायला साधी, पण कोकणातल्या खड्ड्यांना आणि तुमच्या खिशाला ती जास्त मानवेल. वजन भरपूर आहे, अ‍ॅव्हरेजची फार अपेक्षा ठेवू नका.

क्रिस्टा या पैशांत येत नाही. आली तर एकतर रनिंग दोन-अडीच लाखांच्या पुढे असतं, नाहीतर गाडी पूर्वी टुरिस्टला असते. मी रनिंगला घाबरत नाही. दोन लाख चाललेली, प्रत्येक सर्व्हिसचं बिल असलेली एका मालकाची क्रिस्टा मी साठ हजार चाललेल्या आणि कागद नसलेल्या एक्सयूव्हीपेक्षा आधी घेईन. टी परमिटची, म्हणजे टॅक्सी म्हणून नोंदलेली गाडी खासगी करून विकणं बेकायदा नाही, फक्त ते लपवलेलं असेल तर किंमत चुकते. आरटीओच्या नोंदीत आधीचा प्रकार दिसतो. गाडीवरही खुणा राहतात: पेडलचं रबर झिजून चकचकीत, ड्रायव्हर सीटची कड बसलेली, मागच्या पट्ट्यांच्या कडा विसविशीत, छताला कॅरिअरची भोकं, स्पीड गव्हर्नरच्या कापलेल्या वायरी. मीटरवर सत्तर हजार आणि पेडल असं झिजलेलं, तर मीटर मागे फिरवलाय.

गाडीचा भूतकाळ शोधायला तीन ठिकाणं आहेत. पहिलं कंपनीचं सर्व्हिस सेंटर. मालकाला बरोबर घेऊन जा आणि गाडी नंबरावरून सर्व्हिसची पूर्ण यादी मागा. प्रत्येक तारखेपुढे किलोमीटर असतात. ते चढते आहेत ना, मध्ये दोन वर्षांची पोकळी नाही ना, एवढं बघा. मालक यायला टाळाटाळ करत असेल तर दुसरी गाडी बघा. दुसरं ठिकाण विम्याची पॉलिसी. तीत नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची सवलत, किती टक्के आहे बघा. ५० टक्के असेल आणि मालकाने तो आधीच्या गाडीवरून आणलेला नसेल, तर सलग पाच वर्षं क्लेम नाही, म्हणजे त्या काळात मोठा अपघात होऊन विम्यातून काम झालेलं नाही. शून्य असेल तर गेल्या वर्षी क्लेम झालेला असू शकतो, शून्य का आहे हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. तिसरं आरटीओची ऑनलाइन नोंद: कितवा मालक, बँकेचा बोजा आहे का, विमा-पीयूसी कधीपर्यंत, किती ई-चलन थकलेत.

आपल्या भागात आणखी एक तपासणी मी कधीच सोडत नाही, ती पुराची. ऑगस्ट २०१९ला सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ला चिपळूणला हजारो गाड्या पाण्यात गेल्या. त्यातल्या काही धुऊन-पुसून पुन्हा बाजारात फिरतात आणि दिसायला अगदी लखलखीत असतात. पुराचं पाणी लगेच त्रास देत नाही. वर्ष-दोन वर्षांनी वायरिंगचे कनेक्टर हिरवे पडतात आणि मग एक दिवस घाटात डॅशबोर्डवर सगळे दिवे एकदम लागतात. सगळ्या सीटांचे पट्टे अगदी शेवटपर्यंत ओढून बाहेर काढा. शेवटच्या वीतभर भागात गाळाची रेघ किंवा बुरशीचा डाग दिसला तर ती गाडी तिथेच सोडा. कार्पेट उचलून खालचा पत्रा, सीटच्या रुळांचे बोल्ट आणि स्टेपनीची जागा बघा. गाडीत सुगंधाचा भपकारा असेल तर काचा बंद करून दहा मिनिटं आत बसा, ओलसर वास तरीही वर येतो. समुद्रकाठी वाढलेल्या गाडीत हेक्सासारख्या चॅसीवाल्या मॉडेलची चॅसी मागच्या बाजूला खालून टॉर्च मारून बघावीच लागते. वरचा गंज चालतो, पापुद्रे सुटणारा गंज चालत नाही.

दिल्लीच्या गाडीचा मोह होईल, कारण तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले तेव्हा त्या स्वस्तात इकडे यायला लागल्या. एनओसी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स, पुनर्नोंदणी, आरटीओच्या खेपा धरल्या तर वाचलेले पैसे बरेचसे तिथेच जातात. आणि तिचा इतिहास तपासायला तुम्ही दिल्लीला जाणार नाही.

बीएस-६ की बीएस-४? तुमच्या पैशांत बीएस-४च येईल आणि तेच बरं. एप्रिल २०२०नंतरच्या बहुतेक डिझेल गाड्यांत डीपीएफ असतो, म्हणजे काजळी पकडणारी जाळी. ती काजळी जाळायला गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर बराच वेळ एका वेगात चालावी लागते. शाळा-मंडई-घर एवढंच रनिंग असलेल्यांची जाळी तुंबते आणि खर्च मोठा येतो. तुमचं रनिंग हायवेचं आहे, पण बजेटला हा धोका नको.

प्रत्यक्ष तपासणीला सकाळी लवकर जा आणि मालकाला आधीच सांगा की गाडी रात्रीपासून चालू केलेली नको. बोनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन एका सेल्फमध्ये लागलं पाहिजे. पहिल्या क्षणी थोडा धूर चालतो, पण निळसर धूर राहिला तर इंजिन ऑइल जाळतंय. इंजिन गरम झाल्यावर पांढरा धूर आणि कूलंट कमी, तर हेड गॅस्केटची शंका. ऑइलचं झाकण चालू इंजिनावर उघडून बघा. हलकी वाफ ठीक, पण भसाभस धूर बाहेर फेकला जात असेल तर ते बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनकाम जवळ आलंय. अशी गाडी कोणत्याही किमतीला घेऊ नका. किल्ली फिरवल्यावर एअरबॅग आणि एबीएसचे दिवे लागून विझले पाहिजेत. लागलेच नाहीत तर कोणीतरी ते मुद्दाम बंद केलेत, आणि त्यामागे बहुतेक वेळा एअरबॅग फुटलेला अपघात असतो. गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावला तर एक बारीक गोष्ट मेस्त्रीला विचारा: फॉल्ट नुकतेच पुसलेले आहेत का? तसं असेल तर आतल्या काही चाचण्या 'अपूर्ण' दिसतात.

पत्र्याचं काम शोधायला रंग बघत बसू नका, बोनेटखालचे पत्रे आणि दारांचे पिलर बघा. कंपनीच्या स्पॉट वेल्डिंगचे गोल ठिपके सारख्या अंतरावर असतात, गॅरेजमधलं वेल्डिंग तसं येत नाही. सगळ्या काचांवरचं वर्ष जुळतंय का बघा. बंपर, दार, फेंडर बदललेलं असलं तरी मला चालतं; पिलर किंवा चॅसीला हात लागलेला मला चालत नाही.

चालवायला यवतेश्वरचा घाट घ्या, जवळच आहे आणि सगळं सांगतो. निदान पाच माणसं बसवा, एसी पूर्ण चालू. चढावर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये कमी वेगावरून एकदम अ‍ॅक्सिलरेटर द्या. आरपीएम वर पळाले आणि गाडी तिथेच राहिली तर क्लच संपलाय. क्लच-प्लेट आणि फ्लायव्हीलचा खर्च किमतीतून वजा करा. टेंपरेचरचा काटा वर जातोय का बघा. उतरताना सपाट तुकड्यावर ब्रेक मारा, स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क वाकल्यात. खड्ड्यात पुढून खट-खट आलं तर बुश, लिंक रॉड किंवा लोअर आर्म. तो खर्च पेलण्यासारखा आहे, घाबरू नका, पण भाव करताना बोला. टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा: ३२१९ म्हणजे २०१९चा ३२वा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी सहा-सात वर्षांचा टायर घाटासाठी मी ठेवत नाही.

व्यवहार ठरला की इसार थोडा द्या आणि कागदावर लिहून घ्या की सर्व्हिस रेकॉर्ड किंवा कागदपत्रांत खोट निघाली तर तो परत. बँकेचा बोजा असेल तर उरलेलं कर्ज विक्रेत्याच्या हातात न देता थेट बँकेत भरा, बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ घ्या. १ एप्रिल २०१९च्या आधीची गाडी असेल तर एचएसआरपी नंबर प्लेट बसलेली हवी, नाहीतर आरटीओत काम अडतं. थकलेली चलनं विक्रेत्याकडून आधी भरून घ्या. फॉर्म २९ आणि ३०वर सह्या घेऊन लगेच तुमच्या नावावर करा. एजंट 'नंतर करू' म्हणाला तर शेवटचे पैसे अडवून धरा. विमाही १४ दिवसांच्या आत नावावर करायला अर्ज द्या. मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, तुम्हाला मिळत नाही, त्यामुळे फरकाची रक्कम भरावी लागेल. हे न करता गाडी ठोकली गेली तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम नाकारला जातो.

तुमची वॅगनआर विकून यातले काही पैसे येणार असतील तर तीही घेणाऱ्याच्या नावावर झाल्याचं ऑनलाइन स्वतः बघितल्याशिवाय निश्चिंत होऊ नका. २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की गाडी चार हात पुढे गेली तरी अपघाताच्या भरपाईला आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक धरला जाईल.

माझं मत विचाराल तर पहिली पसंती २०१७-१८ची हेक्सा एक्सएम. ती सर्व्हिस रेकॉर्डसह मिळाली नाही तर २०१६ची एक्सयूव्ही५०० डब्ल्यू८. दोन-तीन महिने शोधायची तयारी ठेवा आणि पावसाळ्यात बघा. तेव्हा काचांच्या रबरातून गळणारं पाणी, सनरूफची नळी, वायपर, घसरणारे टायर, सगळं आपोआप दिसतं. गाडी घेतल्यावर कुंभार्लीला जायच्या आधी आठवडाभर गॅरेजला द्या: इंजिन, गिअर आणि डिफरन्शिअल ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल, तिन्ही फिल्टर, पुढचे बेल्ट. कूलंटचे होजपाइप हाताने दाबून बघायला सांगा, फुगलेला किंवा कडक झालेला एकही ठेवू नका.